जवंजाळ सरांचा समुद्र

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ‘भरती’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती येते, नाहीतर शिक्षक भरती, आणि दोन्हींची वाट बघता बघता पोरांच्या दाढ्या पांढऱ्या होतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र जवंजाळ सर येतात. सर जाऊन दोन वर्षं होत आली. चिखलीच्या बसस्टँडसमोर चहाचा ग्लास हातात धरून ते मनगटावरच्या घड्याळात बघत आणि घरचं कुणीतरी दवाखान्यात असावं अशा सुरात म्हणत, “आत्ता तिकडं भरती लागली असंल.”

तिकडं म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावर. इथून गाडीनं दोन दिवस.

सर अमडापूरच्या शाळेत भूगोल शिकवत. मी चिखलीत एका साप्ताहिकात होतो. उपसंपादक म्हणून लागलो, पण बातम्या, प्रुफं, पानं लावणं आणि अंकांवर पत्ते चिकटवणं हे सगळं मीच करी. मालक-संपादक भाऊसाहेब फक्त अग्रलेख लिहीत आणि लिहून झाला की स्वतःच मोठ्यानं वाचून स्वतःच ‘वा!’ म्हणत. एकदा ऐनवेळी बियाण्याच्या कंपनीनं जाहिरात मागे घेतली आणि चौथ्या पानाला खालच्या बाजूस मोठं भगदाड पडलं. त्याच दुपारी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ आणि डोक्यावर काठाची टोपी घातलेले एक गृहस्थ कार्यालयात आले आणि त्यांनी टेबलावर चार फुलस्केप ठेवले. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘दक्षिण किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्यातील मासेमारीच्या संधी’.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. “सर, आपला वाचक सोयाबीनवाला. त्याले काऊन पायजे समुद्रातली मासेमारी?”

“असं पाहा,” सर म्हणाले. वर्गात नकाशासमोर उभे राहावं तसे ते उभे राहिले होते. “खारं पाणी आपल्या जिल्ह्यात हाय. लोणारले. पण त्यात मासा जगत नाही. मासा आपल्या धरणात हाय, पण तिथं पाणी गोडं. दोन्ही एका जागी पायजे असंल तर माणसाले दक्षिणेकडं जा लागते.”

या युक्तिवादात कुठे खोट काढावी ते आम्हाला सुचलं नाही. शिवाय मजकूर भगदाडात नेमका बसत होता. छापला. पुढच्या आठवड्यातही जाहिरात आली नाही, म्हणून दुसरा भाग छापला. असा तो स्तंभ नऊ वर्षं चालला.

सरांच्या लिहिण्यात एक अधिकार असायचा. ‘सुरमईस खेचताना घाई करू नये, ती आपला राग लक्षात ठेवते.’ ‘वारा पाठीशी असावा.’ ‘दुपारच्या भोजनानंतर कातळावर बसल्यास शेवंड हमखास मिळते.’ शेवंड म्हणजे काय हे चिखली तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती मिळत नाही अशी तक्रारही कधी आली नाही. उलट प्रश्नच यायचे. मेहकरच्या एका कापड दुकानदारानं विचारलं की हेच आमिष आमच्या धरणावर चालेल का. सरांनी पुढच्या अंकात एका ओळीत उत्तर दिलं: ‘गोडे पाणी हा माझा विषय नाही.’

गंमत अशी की सर माळकरी. मासा खाणं सोडाच, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गल्लीत मटण शिजत असेल तर ते पत्रावळ उचलून वाऱ्याच्या उलट बाजूला जाऊन बसत. मी एकदा विचारलं, “सर, मासा सापडल्यावर त्याचं करायचं काय, हे तुम्ही कधी लिहीत नाही.” ते म्हणाले, “तो वाचकाचा प्रश्न हाय, दिनकर. मी संधीपुरता.”

त्यांच्या घरी देव्हाऱ्याच्या बाजूला गजानन महाराजांचा फोटो आणि फोटोला लागून भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं. वहिनी सकाळी दोन्हींना हळदीकुंकू लावत. घराच्या माळ्यावर लांब काठीचा एक गळ होता, पार्सलनं आलेला. तो आला तेव्हा पोस्टमननं गावभर सांगितलं होतं की सरांनी नव्या पद्धतीचा अँटेना मागवला. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकाम्या शेतात जाऊन तो फेकायचा सराव करत. एकदा वाऱ्यानं दोऱ्याला वजन म्हणून बांधलेलं शिसं भरकटलं आणि मुख्याध्यापकांच्या वाळत घातलेल्या धोतरात गळ अडकला. धोतर दोरीवरून निघून सरांच्या दिशेनं बांधावरून येऊ लागलं. मुख्याध्यापक मागे धावत होते आणि सर दोरा गुंडाळत ओरडत होते, “ढील द्या सर, ढील द्या, ताणू नका!” त्यानंतर दोघांचं सहा महिने बोलणं नव्हतं. पण त्या आठवड्याचा लेख मोठा जिवंत उतरला होता. जड मासा डावीकडे कसा ओढ घेतो, याचं असं वर्णन मी आजवर वाचलं नाही.

कीर्ती वाढली तसा सत्कार आलाच. आमच्याकडे माणूस सलग पाच वर्षं एखादी गोष्ट करत राहिला की त्याला शाल मिळते. चिखलीच्या एका सभागृहात सरांना ‘सागरमित्र’ म्हणून मानपत्र दिलं. अध्यक्षस्थानी एक पुढारी होते. त्यांनी लेख वाचले नव्हते, पण तेवढ्यावरून ते अडणारे नव्हते. “कोकणाले समुद्र!” त्यांनी टेबलावर हात मारला. “मुंबईले समुद्र! अन् आमच्या बुलढाणा जिल्ह्याले? वाटीभर सुदीक नाही! मी याले म्हणतो समुद्राचा अनुशेष. अन् हा अनुशेष भरून निघाल्याबिगर मी गप बसणार नाही!” टाळ्या थांबेनात. सर व्यासपीठावर शाल सावरत बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला थोडी धास्ती दिसली. समुद्र खरंच मंजूर होऊन आला तर, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

खरं तर नऊ वर्षांत एक साधा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीही नाही. इतक्या बारकाव्यानं लिहितो म्हणजे माणूस जाऊन आलाच असणार, हे आम्ही धरून चाललो होतो.

तो प्रश्न धामणगाव बढेच्या विठ्ठल सावळेनं विचारला.

विठ्ठल मोटारींचं वायंडिंग करायचा. विहिरीतली बंद पडलेली मोटार काढायची, जळालेली तार उलगडून नवी भरायची आणि परत खाली बसवून द्यायची. चाळिशीचा, काटक माणूस. एका मंगळवारी तो काठी टेकत आमच्या जिन्यावरून चढला. दर पायरीला थांबत होता. अंक तयार होत होता, सर प्रूफ वाचायला आलेले होते. विठ्ठलनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून आमच्या साप्ताहिकाचं एक कात्रण काढलं. ते भिजून वाळलेलं होतं.

“जवंजाळ सर कोन?”

“मी.” सर आनंदानं उठले. वाचक भेटायला आला की ते नेहमीच उठत. “बसा, बसा. कोणत्या किनाऱ्याचं विचारायचं हाय?”

विठ्ठल बसला. पाय सरळ ठेवावा लागत होता. मग त्यानं सांगितलं. गावच्या लोकांबरोबर तो बसनं दक्षिण दर्शनाला गेला होता. कन्याकुमारीच्या अलीकडे एका मच्छीमार गावात बस चहाला थांबली. कात्रण खिशातच होतं. सरांनी वर्णन केला होता तसाच काळा कातळ समोर दिसला. त्यात लिहिलं होतं, ‘ओहोटी लागल्यावर चार तास येथे निर्धास्त बसावे.’ त्यानं चहावाल्याला ओहोटीची वेळ विचारली आणि निर्धास्त जाऊन बसला. गळ नव्हता, नुसता बसला. सरांनी लिहिलंय ते डोळ्यांनी पाहावं म्हणून.

“अन् सर, पाणी चांगलं खाली चाललं होतं. मंग एकच लाट आली. एकच. कुठून आली कळलंच नाही. मी खडकांच्या मंधात गेलो. एका कोळ्यानं उडी टाकून काढलं. मांडीचं हाड तीन जागी गेलं.”



“मी भांडाले नाही आलो,” विठ्ठल म्हणाला. त्याचा आवाज खरंच भांडणाचा नव्हता. “चार महिने खाटेवर पडून एकच इचार करून राह्यलो. माझं काय चुकलं? सरांले काही झालं नाही अन् मलेच काऊन झालं? म्हून इचारतो. सर, तुम्ही नेमके कोणत्या कातळावर बसले होते?”

सरांच्या हातात प्रुफाचा कागद होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि उगाच सरळ केला.

“मी बसलो नाही.”

“म्हंजे उभे होते?”

“नाही.” सरांनी टोपी काढून हातात घेतली. “मी समुद्र पाह्यलेला नाही, विठ्ठलराव.”

विठ्ठलला आधी ते कळलंच नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब पक्के वर्तमानपत्रवाले. ते झटकन म्हणाले, “हे पाहा, ही छापखान्याची चूक हाय. सरांनी लिहिलं होतं ‘धास्तीने बसावे’. कंपोझिंगमधी ‘निर्’ जास्तीचा लागला. हा दिनकर प्रुफं नीट पाहत नाही.”

“नाही,” सर म्हणाले. “‘निर्धास्त’ मीच लिहिलं. मले तो शब्द आवडला होता.”

विठ्ठल उठला. जाताना त्यानं कात्रण परत पिशवीत घातलं. जिन्यापाशी पोचल्यावर मागे वळून म्हणाला, “आता विहिरीत उतरता येत नाही मले. दुकानात बसून जेवढं होते तेवढंच काम करतो. बाकी काही नाही.” त्याची काठी पायऱ्यांवर वाजत खाली गेली. शेवटच्या पायरीपर्यंत ती ऐकू येत होती. सरांनी त्या दिवशी चहा घेतला नाही आणि घड्याळातही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी सर दोन एसट्या बदलून धामणगाव बढेला गेले. विठ्ठलनं त्यांना दुकानाबाहेर उभं ठेवलं. त्याच्या पुढच्या रविवारी सर परत गेले. तिसऱ्या रविवारी त्यानं स्टूल दिलं. सर काय बोलले, माफी मागितली की नाही, ते मला ठाऊक नाही. दोघांनीही कधी सांगितलं नाही. महिनाभरानं सर माझ्याकडे आले ते अंगठ्याला पट्टी बांधून. तांब्याच्या तारेनं कापलं होतं. “वायंडिंग शिकून राह्यलो,” ते म्हणाले. “त्यात वेढा मोजूनच टाका लागते, दिनकर. एक कमी पडला तरी मोटार लगेच सांगते.”

त्याच वेळी त्यांनी मला सांगितलं की ते दक्षिणेला निघालेत. विठ्ठल सोबत येतोय आणि मीही यावं. भाऊसाहेबांनी रजा दिली नाही. मी ती घेतली.

शेगावहून निघालो. वाटेत एकदा गाडी बदलली. दोन दिवस सर खिडकीशी बसून होते. नऊ वर्षांच्या लेखांचं बाड पिशवीत होतं, पण त्यांनी ते उघडलं नाही. विठ्ठलच त्यांना मधूनमधून पाणी प्या, दशमी खा, असं म्हणत होता.

सकाळी त्या गावात पोचलो. माडांच्या मधून वाट खाली गेली आणि समोर समुद्र आला. मी मुंबईला पाहिला होता, तरी दचकलो. हा आवाज वेगळा होता. सर थांबले. त्यांनी चपला काढल्या, त्या शाळेच्या दाराशी ठेवतात तशा जोडून ठेवल्या आणि ओल्या वाळूपर्यंत गेले. खाली वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

“खारट हाय हो!” ते वळून ओरडले. चौतीस वर्षं त्यांनी वर्गात हेच सांगितलं होतं. चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता, जणू एवढं तरी खरं निघालं.

विठ्ठलला ज्यानं बाहेर काढलं त्या कोळ्याचं नाव अंतोनी. साठीचा माणूस. पूर्वी गुजरातच्या बोटींवर काम केल्यामुळे हिंदी बोलायचा. त्यानं विठ्ठलला लांबूनच ओळखलं, त्याच्या पायाकडे पाहिलं आणि आधी त्याला घरात नेऊन बसवलं. मग आम्ही त्या काळ्या कातळापाशी गेलो. अंतोनी कातळावर चढू देईना.

सरांनी वही काढली. “इथं ओहोटी किती तास...” त्यांनी हिंदीत सुरुवात केली.

अंतोनी हसला. “मास्टर, यहाँ पानी थोड़ा ही ऊपर-नीचे होता है। उसका डर नहीं। डर लहर का है। तूफ़ान उधर दूर होता है, यहाँ धूप रहती है, और लहर आ जाती है। मेरा भाई इधर से ही गया।”

सरांनी वही मिटली. मी त्यांना नऊ वर्षं ओळखत होतो आणि इतक्या वर्षांत ते कुणालाही काहीतरी सांगतच असत. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा विचारताना पाहिलं. लाट येणार हे कळतं कसं? कळत नाही तेव्हा काय करता? हा मासा कोणता? त्याला तुम्ही काय म्हणता? संध्याकाळपर्यंत विचारत होते. अंतोनीच्या सुनेनं टोपलीतले मासे एकेक करून दाखवले. सरांनी सुरमई म्हणून वर्षानुवर्षं ज्याचं वर्णन केलं होतं, तो भलताच मासा निघाला. शेवंड तर मासाच नव्हती. तिला खेकड्यासारखे पाय होते. सर मागे सरले आणि म्हणाले, “अरे देवा, मी हिले मासा म्हणून गळाले लावत होतो!”

दुसऱ्या दिवशी अंतोनीनं त्यांना बोटीत घेतलं. दहाव्या मिनिटाला सर आडवे झाले. किनाऱ्यावरून आम्हाला फक्त त्यांची टोपी दिसत होती, तीही थोड्या वेळानं दिसेना. परत आल्यावर त्यांना दोघांनी धरून उतरवलं. वाळूवर उताणे पडून, डोळे मिटलेले असतानाच ते म्हणाले, “दिनकर, मी लिहिलं होतं की समुद्राच्या हवेनं भूक वाढते. ते काढ.”

इथून त्यांची ‘दुरुस्ती’ सुरू झाली.

परत आल्यावर सरांनी भाऊसाहेबांना सांगितलं की स्तंभ चालू राहील, पण आता त्यात फक्त मागच्या लेखांच्या दुरुस्त्या असतील. पहिल्या अंकापासून, क्रमानं, दर आठवड्याला दहा-बारा अंकांच्या. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला, पण जाहिराती अजूनही कमीच होत्या. पहिलीच दुरुस्ती अशी होती: ‘या लेखकाने नऊ वर्षे समुद्र न पाहता समुद्रावर लिहिले. त्या लेखनावर विसंबून धामणगाव बढे येथील श्री. विठ्ठल सावळे यांना गंभीर दुखापत झाली. चूक छापखान्याची नव्हती.’ पुढच्या आठवड्यात: ‘“वारा पाठीशी असावा” असे लिहिले होते. कोणाच्या पाठीशी, हे मला तेव्हाही माहीत नव्हते.’ नंतर एकदा: ‘“तेथील मच्छीमार मनमिळाऊ आहेत” हे विधान ऐकीव होते. ते खरे निघाले, याचे श्रेय लेखकास नाही.’

लोक मासेमारी वाचत नव्हते एवढ्या आवडीनं दुरुस्त्या वाचू लागले. आणि तिथेच घोटाळा झाला. वाचकांची पत्रं येऊ लागली की आपले राशिभविष्यवाले दुरुस्ती कधी देणार? मागच्या साली पीक सल्ल्यात जे औषध फवारायला सांगितलं होतं, त्याची दुरुस्ती आहे का? एकानं तर समुद्राच्या अनुशेषाचं काय झालं असं पुढाऱ्यांनाच भर सभेत विचारलं. राशिभविष्यवाल्यानं राजीनामा दिला. पीक सल्लावाले फोन उचलेनात. पुढाऱ्यांकडून निरोप आला. भाऊसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, “दिनकर, खोटं लिहिणारा माणूस आपण नऊ वर्षं पोसला, काही झालं नाही. खरं लिहायले लागला अन् चार महिन्यात पेपर बुडाची वेळ आली. बंद कर त्याचं.”

स्तंभ बंद झाला. हे सांगायला मी अमडापूरला गेलो. सर ओट्यावर तार गुंडाळत बसले होते. विठ्ठलच्या दुकानातलं काम ते घरी आणत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “अजून पाच वर्षांचे अंक बाकी हायेत.” मग त्यांनी उरलेल्या दुरुस्त्या हातानं लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सुरुवात केली. लोक आठवडी बाजाराला आले की उभे राहून वाचत आणि हसत. सरांना हसण्याचं काही वाटत नसे. कुणी फार हसू लागला तर ते जवळ जाऊन विचारत, “तुमचं काही दुरुस्त कराचं हाय का? कागद हाय माझ्याजवळ.”

शेवटची दुरुस्ती लागली आणि लगेच सर आणि विठ्ठल पुन्हा अंतोनीकडे निघाले. मी शेगाव स्टेशनवर पोचवायला गेलो. विठ्ठलनं अंतोनीसाठी कचोरीचा डबा घेतला होता. तिथवर त्या खाण्यालायक राहणार नाहीत, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “असू दे, वास तरी पोचंल.” सर थकलेले दिसत होते. छातीत कधीकधी भरून येतं, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

“अंतोनीचा फोन आला होता,” विठ्ठल मला म्हणाला. “ह्या खेपेला किनारा दिसणार नाही इतकं आतमधी नेतो म्हणे. पोहता येते का, असं इचारत होता.”

“मग?”

“मले येत नाही, सांगतलं. सरांले बी येत नाही.”

मी सरांकडे पाहिलं. भर समुद्रात बोट कलंडल्यास काय करावं यावर त्यांनी तीन भागांची लेखमाला लिहिली होती. ते खजील होऊन हसले. “त्यानं मले एक सांगतलं हाय,” ते म्हणाले. “बोटीत माणूस पडते ते गुडघे ताठ ठेवल्यानं. गुडघे सैल सोडायचे, कशाले धरायचं नाही अन् खालची फळी जाईल तिकडं जाऊ द्यायचं. महिनाभरापासून घरी पाटावर करून राह्यलो.”

गाडी आली. गर्दी होती. विठ्ठलला लोकांनी जागा करून दिली. सर दाराशीच उभे राहिले. पाय थोडे फाकलेले, गुडघे वाकवलेले, दोन्ही हात मोकळे. “सर, दांडी धरा!” मी खालून ओरडलो. आतून विठ्ठलही ओरडला. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. सगळं लक्ष गुडघ्यांवर होतं.

शिटी झाली. गाडीनं जोराचा हिसका दिला. दारातले चार-पाच जण एकमेकांवर कोसळले, कुणाची तरी पिशवी फलाटावर पडली. सर जागच्या जागी उभे होते. त्यांनी वर पाहिलं, मला शोधलं आणि दोन्ही हात उंच करून दाखवले, बघ, कशालाच धरलेलं नाही.